'जामिनावर एन्लार्ज करावे' : या क्रियापदाचा नेमका अर्थ काय?

ओवीअक्षरे :
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात राहून इंग्रजी-मराठी अनुवादाची लहानमोठी कामे करते. काल एका ओळखीच्या कुटुंबाने न्यायालयाचा दोन पानी आदेश मराठीत करून मागितला. बांधाच्या भांडणातून झालेल्या मारामारीत त्यांचा धाकटा मुलगा अडकला आहे. जामीन झाल्याचे वकिलांनी फोनवर सांगितले असले, तरी कागदावर काय लिहिले आहे ते स्वतःच्या भाषेत ऐकल्याशिवाय त्याच्या वडिलांचा विश्वास बसत नाही. ते उद्या संध्याकाळी माझ्याकडे येणार आहेत.

आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात असे म्हटले आहे की, अर्जदाराला २५,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर आणि तेवढ्याच रकमेच्या एका जामीनदारावर 'एन्लार्ज' करण्यात यावे. संदर्भावरून अर्थ लागला, पण मन अडखळले. या क्रियापदाचा शाळेपासून मला ठाऊक असलेला अर्थ एकच, आकाराने मोठे करणे. गंमत म्हणून ते वाक्य मोबाईलवरच्या अनुवादयंत्रात टाकून पाहिले, तर 'अर्जदारास जामिनावर मोठे करण्यात यावे' असे उत्तर आले.

माझे दोन प्रश्न आहेत. हा न्यायालयाच्या टंकलेखकाचा हस्तदोष आहे की हा खरोखरीचा अर्थ आहे? आणि एकूणच हे क्रियापद कोठे वापरावे व कोठे वापरू नये? मराठीत आपण सगळीकडे 'वाढवणे' म्हणून मोकळे होतो, त्यामुळे इंग्रजीत लिहिताना माझी हमखास गडबड होते.

तिरकस :
तुरुंगातला आहार लक्षात घेता मनुष्य तेथून आकाराने मोठा होऊन बाहेर पडणे संभवत नाही. त्यामुळे पहिला अर्थ मी बाद करतो.

वकिलीबाणा :
ओवीताई, हस्तदोष नाही. भारतातल्या न्यायालयांत हा प्रयोग रोजचा आहे आणि तो 'जामिनावर सोडणे' याच अर्थाने होतो. मी स्वतः अर्जाच्या शेवटी, प्रार्थनेच्या परिच्छेदात, कित्येक वर्षे हेच लिहीत आलो आहे. खरी मौज अशी की कायद्याच्या कलमांत हा शब्द नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४३७ आणि ४३९ या जामिनाच्या कलमांत 'सोडणे' याला साधा 'रिलीज' हा शब्द होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलमे ४८० आणि ४८३ झाली, तरी शब्द तोच राहिला. म्हणजे कायदा साध्या इंग्रजीत बोलतो आणि आम्ही वकील मंडळी जुने इंग्रजी जपून ठेवतो. माझ्या ज्येष्ठांच्या कार्यालयात मी नवखा असताना एका मसुद्यात 'रिलीज' लिहिले होते. त्यांनी त्यावर लाल रेघ ओढून 'एन्लार्ज' केले आणि 'हे अधिक भारदस्त दिसते' एवढेच कारण दिले.

न्यायालयात या शब्दाचे आणखी एक रूप रोज भेटते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील १४८ व्या कलमाचे शीर्षकच 'एन्लार्जमेंट ऑफ टाइम' असे आहे. न्यायालयाने एखादी गोष्ट करण्यासाठी दिलेली मुदत, ती संपून गेली असली तरी, वाढवून देण्याचा अधिकार त्यात आहे, आणि ही वाढ एकूण ३० दिवसांपेक्षा अधिक असू नये अशी मर्यादा पुढे दुरुस्तीने घातली गेली. मराठीत त्याला आपण सरळ मुदतवाढ म्हणतो.

निवृत्त_मास्तर :
इंग्रजी शिकवण्यात माझी ३४ वर्षे गेली, तेव्हा थोडी लांबण लावतो, क्षमा असावी.

या क्रियापदाचे मूळ लॅटिन 'लार्गस' या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ 'मोठा' असा नव्हता. विपुल, भरघोस, देताना हात आखडता न घेणारा, असा तो होता. आपल्याकडे त्याला नेमका प्रतिशब्द 'सढळ'. माप सढळ असते, हातही सढळ असतो. इंग्रजीतील 'लार्जेस' या शब्दात दातृत्वाचा तो अर्थ अजून शिल्लक आहे. फ्रेंचमध्ये आजही 'लार्ज' म्हणजे रुंद, आणि किनाऱ्यापासून दूरच्या खुल्या समुद्रालाही फ्रेंच लोक हाच शब्द वापरतात. थोडक्यात, या कुळातील शब्दांचा मूळ धर्म जागा असणे हा आहे, वजन किंवा उंची असणे हा नव्हे. म्हणून जागा करून देणे, अडलेल्याला वाट देणे, म्हणजे एन्लार्ज करणे. पळालेल्या आरोपीला इंग्रजीत 'अ‍ॅट लार्ज' म्हणतात, ते याच वाटेने आलेले आहे.

शेक्सपिअरच्या 'हेन्री पाचवा' या नाटकात दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात राजा आपल्या काकांना आज्ञा देतो की, काल पकडलेल्या माणसाला एन्लार्ज करा. त्या माणसाने राजाला शिव्या दिलेल्या असतात, आणि तो मद्याचा अंमल होता असे समजून राजा त्याला सोडून देतो. तेथे मोठे करण्याचा काही संबंध नाही. ओवीताई, तुमच्या अर्जदाराला चारशे वर्षांचा पूर्वाधार आहे, आणि अपराधही फारसा वेगळा नाही.

१६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलच्या चौथ्या स्तोत्रात भक्त देवाला म्हणतो की, मी संकटात असताना तू मला एन्लार्ज केलेस. तेथील मूळ हिब्रू शब्दांत संकट म्हणजे अरुंद जागा आणि सुटका म्हणजे रुंद जागा अशी जोडी आहे. इंग्रजांना हे समजावून सांगावे लागते, मराठी माणसाला लागू नये. आपण 'अडचण' हा शब्द जागेच्या टंचाईलाही वापरतो आणि संकटालाही. घरात अडचण होते आणि माणूस अडचणीत येतो.

तिरकस :
मास्तरांच्या प्रतिसादाने हा धागाच एन्लार्ज झाला आहे. आता तो कोणत्या अर्थाने, ते ज्याचे त्याने ठरवावे.

रेषाबिंदू :
मास्तरांविषयी आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो. शब्दाचे मूळ काय होते, यावरून तो आज कसा वापरावा हे ठरत नाही. आज इंग्रजी बोलणाऱ्या सामान्य माणसाला 'एन्लार्ज' म्हटले की मोकळीक आठवत नाही, मोठे चित्र आठवते. व्युत्पत्ती ऐकायला गोड वाटते, परंतु ओवीताईंचा दुसरा प्रश्न वापराचा आहे आणि त्याचे उत्तर लॅटिनमध्ये सापडणार नाही. माझ्यासारख्याने उद्या कार्यालयातल्या पत्रात 'सुट्टीवर एन्लार्ज करावे' असे लिहिले, तर साहेब वैद्यकीय तपासणीला पाठवतील.

निवृत्त_मास्तर :
रेषाबिंदू, तुमचे म्हणणे अगदी योग्य आहे. सुटकेचा अर्थ आता न्यायालयाबाहेर मेला आहे, आणि बाहेर तो कोणी वापरू नये. मी तो कोठून आला एवढेच सांगितले.

वापरासाठी माझ्या वर्गात एक युक्ती चालत असे. मराठीत आधी प्रश्न विचारून पाहावा. प्रश्न 'किती' असेल, तर इंग्रजीत 'इन्क्रीज' घ्यावे. पगार किती झाला, लोकसंख्या किती झाली, वेग किती झाला. प्रश्न 'केवढा' असेल, तर 'एन्लार्ज' शोभते. खोली केवढी केली, भोक केवढे केले, अंगण केवढे केले. प्रश्न 'कुठवर' असेल, तर 'एक्स्टेंड'. रस्ता कुठवर नेला, सुट्टी कुठवर लांबवली. आणि वस्तू आपल्याच अंगच्या गुणाने सगळ्या बाजूंनी पसरत असेल, तर 'एक्स्पांड'. उन्हाने रूळ प्रसरण पावतात, म्हणून त्यांच्यात फट ठेवतात. ते काम कोणी करवतीने किंवा हातोड्याने करत नाही. एन्लार्ज म्हटले की बहुधा करणारा कोणीतरी असतो. माझे विद्यार्थी 'व्हॉल्यूम एन्लार्ज करा' असे लिहीत. आवाज केवढा असे विचारले तरी तो डोळ्यांनी मोजायचा आकार नव्हे, म्हणून तेथे हा शब्द बसत नाही.

उंबरठा :
मास्तर, युक्ती आवडली, पण तिला भोके आहेत. 'केवढी महागाई!', 'केवढी गर्दी!' असेही आपण म्हणतो. मग महागाई एन्लार्ज होते काय?

निवृत्त_मास्तर :
ते उद्गार आहेत, प्रश्न नव्हेत. बाजारात 'महागाई केवढी आहे?' असे विचारून उत्तराची वाट पाहणारा ग्राहक मला अजून भेटलेला नाही. तरीही, युक्ती ही युक्तीच असते. ती नियमाच्या जागी बसवू नये.

जुना_डार्करूम :
या शब्दावर आमच्या घराचे तीस वर्षे पोट भरले, म्हणून लिहितो. वडिलांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. एन्लार्जर हे यंत्र त्यातल्या काळ्या खोलीत भिंतीला टेकून उभे असे. वर दिवा, त्याखाली निगेटिव्ह धरायची चौकट, त्याखाली भिंग आणि खाली ब्रोमाइड कागद. यंत्राचे डोके दांड्यावर जितके वर सरकवावे, तितके खाली पडणारे चित्र मोठे होई आणि तितकेच ते अंधूकही होई, कारण उजेड तेवढाच राहून अधिक जागेवर पसरे. म्हणून चित्र मोठे हवे असेल तर कागदाला उजेड जास्त वेळ द्यावा लागे. वडील घड्याळाशिवाय तोंडाने अंक मोजत. लाल दिव्याच्या उजेडात, पहिल्या तबकातल्या रसायनात कागद बुडवला की आधी डोळे उमटत आणि मग बाकीचा चेहरा, कारण काळे भाग लवकर येतात.

आता आकडा सांगतो. ३५ मिलिमीटर फिल्मवरची निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. तिच्यावरून ८ बाय १२ इंचांची प्रत काढायची, म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे साडेआठ पट होते आणि क्षेत्रफळ ७० पटींहून अधिक होते. निगेटिव्हवर बसलेला जो धुळीचा कण डोळ्यांना दिसतही नाही, तो कागदावर मोहरीएवढा पांढरा ठिपका होऊन बसतो. असे ठिपके बारीक कुंचल्याने एकेक करून बुजवणे हे माझे लहानपणीचे काम होते. सुट्टीत मला दुसरा खेळ ठाऊक नव्हता.

एकदा एक गृहस्थ लग्नातला सामूहिक फोटो घेऊन आले. मागच्या रांगेत त्यांची आई उभी होती. तिचा दुसरा फोटो घरात नव्हता, आणि वर्षश्राद्धाला भिंतीवर लावण्यासाठी मोठी तसबीर हवी होती. चेहरा तुरीच्या डाळीएवढा होता. वडिलांनी फोटोचा फोटो घेऊन नवी निगेटिव्ह केली आणि जमेल तेवढे एन्लार्ज केले. मोठ्या कागदावर डोळ्यांच्या जागी करडे ठिपके आले. ते गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, 'मूळ फोटोत ती ओळखू येते, यात येत नाही.' शेवटी त्यांनी पोस्टकार्डाएवढी प्रत नेली आणि तिला रुंद काळी चौकट लावून घेतली.

ओवीअक्षरे :
जुना_डार्करूम, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक शंका विचारते. भिंगातून पाहिल्यावर अक्षर मोठे दिसते, त्याला एन्लार्ज म्हणायचे की मॅग्निफाय?

डॉक्टरीण :
या शंकेचे उत्तर मी देते, कारण आमच्या व्यवसायात या दोन शब्दांची गल्लत महागात पडते. वस्तू खरोखर मोठी झाली तर एन्लार्ज, आणि ती आहे तेवढीच राहून मोठी दिसली तर मॅग्निफाय. आपल्या पाठ्यपुस्तकांत दुसऱ्याला विशालन म्हणतात.

छातीच्या एक्स-रेचे उदाहरण घ्या. नेहमीच्या पद्धतीत रुग्ण पाठ यंत्राकडे करून उभा राहतो, यंत्र सुमारे ६ फुटांवर असते आणि छाती फिल्मला चिकटलेली असते. हृदय पुढच्या बाजूला असल्याने ते फिल्मच्या जवळ येते आणि त्याची सावली जवळजवळ खऱ्या आकाराची पडते. अशा चित्रात हृदयाची रुंदी छातीच्या आतील रुंदीच्या निम्म्याहून अधिक भरली, तर प्रौढ माणसाचे हृदय एन्लार्ज झाले असावे असे आम्ही मानतो. पण रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल, तर यंत्र खाटेपाशी आणून समोरून चित्र घ्यावे लागते. तेव्हा फिल्म पाठीखाली असते, हृदय तिच्यापासून दूर जाते आणि यंत्रही जवळ असते. लहानपणी कंदिलाच्या उजेडात भिंतीवर हाताचे हरीण केलेले आठवा. हात दिव्याकडे नेला की हरीण मोठे होत असे, हात मात्र तेवढाच राही. माझ्या एका वृद्ध रुग्णाच्या मुलाने असाच खाटेवरचा अहवाल वाचला. त्यात हृदयाची छाया मोठी 'दिसते' असे लिहिले होते. त्याने रात्रीतून सगळ्या नातेवाइकांना फोन करून 'आईचे हृदय मोठे झाले' असे कळवले. दुसऱ्या दिवशी इको काढला, तेव्हा हृदय होते तेवढेच निघाले.

आणखी एक तक्रार नोंदवते. सोनोग्राफीच्या अहवालात यकृत एन्लार्ज झाले असे आले की घरी त्याचे भाषांतर 'लिव्हरला सूज' असे होते. सूज या शब्दात दाह गृहीत असतो, एन्लार्ज या शब्दात फक्त माप असते. यकृतात मेद साठल्यानेही ते मोठे होते. हिवतापात प्लीहा मोठी होते, आणि ही खूण इतकी भरवशाची होती की एखाद्या गावात हिवताप किती मुरला आहे हे ठरवण्यासाठी पूर्वी लहान मुलांची पोटे चाचपून किती जणांची प्लीहा हाताला लागते ते मोजत. म्हणून मी रुग्णाला 'यकृत वाढले आहे' एवढेच सांगते, आणि कशाने वाढले ते पुढच्या वाक्यात. मास्तरांनी म्हटले की एन्लार्ज करणारा कोणीतरी असतो. आमच्याकडे मात्र अवयव आपापलेच एन्लार्ज होतात आणि करणारा शोधण्यासाठी तपासण्या लिहाव्या लागतात.

निवृत्त_मास्तर :
डॉक्टरसाहेब, माझे वाक्य मागे घेतो. 'बहुधा' हा शब्द मी घातला होता, हे तेवढे लक्षात घ्यावे.

पाटपाणी :
सर्वांना एक विनंती करतो. मराठीतल्या 'वाढवणे' या क्रियापदाचीही चौकशी व्हावी. आपण देवापुढे नारळ वाढवतो, म्हणजे फोडतो. हातातली बांगडी वाढवली, म्हणजे फुटली किंवा उतरवली. आणि पंगतीत नुसते 'वाढा' म्हटले की पानात भात पडतो. इंग्रज माणसाने शब्दकोश उघडून 'नारळ वाढवा' याचा अर्थ लावला, तर तो बिचारा नारळाला पाणी घालत बसेल. तेव्हा आपण त्यांच्या एन्लार्जला हसण्यात अर्थ नाही.

उंबरठा :
फुटणे हा शब्द शुभप्रसंगी तोंडातून जाऊ नये म्हणून तेथे वाढवणे आले. माझी आजी बांगडी पिचली तरी 'वाढली' म्हणायची आणि कोणी 'फुटली' म्हटले तर रागावून पाहायची. एन्लार्जने मात्र असे काही सोंग घेतलेले दिसत नाही.

टेम्सकाठी :
मी गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. येथील शाळेच्या गणितात हा शब्द ज्या अर्थाने येतो, त्याने माझी झोप उडवली होती, म्हणून सांगते. मुलाच्या गृहपाठात एक त्रिकोण दिला होता आणि तो १/२ या प्रमाणाने एन्लार्ज करा असे लिहिले होते. मी चिरंजीवांना सांगितले की प्रश्न चुकीचा छापला आहे, निम्मा करायचा असेल तर ते 'रिड्यूस' हवे. तो शांतपणे म्हणाला, 'आई, लहान झाला तरी त्याला एन्लार्जमेंटच म्हणतात.' दुसऱ्या दिवशी त्याच्या शिक्षिकेनेही तेच सांगितले. एका केंद्रबिंदूपासून आकृतीच्या प्रत्येक बिंदूचे अंतर एकाच संख्येने गुणायचे, या क्रियेचे ते नाव आहे. संख्या एकापेक्षा लहान असली तर आकृती लहान होते आणि ऋण असली तर केंद्राच्या पलीकडे उलटी होऊन बसते, नाव मात्र बदलत नाही. अमेरिकेतील शाळांत याच क्रियेला 'डायलेशन' म्हणतात, जे ऐकून मला नेत्रतज्ज्ञाने डोळ्यात घातलेले थेंब आठवतात.

तिरकस :
निम्मे करण्यालाही वाढ म्हणायचे, हे धोरण आमच्या कार्यालयाने वेतनवाढीच्या बाबतीत फार पूर्वीच स्वीकारलेले आहे.

शिक्कामोर्तब :
माझे तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचे दुकान आहे, आणि हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा ऐकतो. 'आधार जरा एन्लार्ज मारून द्या' असे म्हणतात. लोकांचा गोंधळ होतो तो डबल या शब्दावर. ए-४ कागद ए-३ वर घ्यायचा तर कागदाचे क्षेत्रफळ दुप्पट होते, परंतु यंत्रावर १४१ टक्के लावावे लागतात, कारण यंत्र लांबी मोजते, क्षेत्रफळ नव्हे. २१० मिलिमीटरची बाजू २९७ होते आणि २९७ ची ४२०. परत आणायचे तर ७१ टक्के. गिऱ्हाईक 'डबल करा' म्हणते म्हणून नव्या पोराने २०० लावले, की ए-४ कागदावर मूळ पानाचा पावच भाग उतरतो आणि सातबाऱ्यावरचे अर्धे खातेदार कागदाबाहेर राहतात. त्यावरून आमच्या दुकानात एकदा दोन भावांचे भांडण झाले आहे. जुना_डार्करूम यांनी बाजू आणि क्षेत्रफळ वेगवेगळे सांगितले, तेव्हा बरे वाटले.

रेषाबिंदू :
मघाचा माझा आक्षेप थोडा सैल करतो. मला या शब्दाचा तिसराच अनुभव आहे. परदेशातील एका कंपनीने दूरध्वनीवर मुलाखत घेतली होती. माझ्या एका उत्तरावर पलीकडचे गृहस्थ म्हणाले की, कृपया यावर एन्लार्ज करा. मला वाटले, त्यांना ऐकू येत नाही. मी तेच उत्तर अक्षरशः ओरडून सांगितले. त्यांनी पुन्हा तीच विनंती केली, मी पुन्हा ओरडलो. शेजारच्या खोलीतून आई 'काय झाले?' म्हणून धावत आली. या क्रियापदापुढे 'ऑन' किंवा 'अपॉन' आले की त्याचा अर्थ सविस्तर सांगणे असा होतो, हे मला ती नोकरी हातची गेल्यावर समजले.

कौलारू :
मग बातम्यांत युरोपीय संघाच्या बाबतीत एन्लार्जमेंट हाच शब्द का येतो? १ मे २००४ रोजी दहा देश एकदम आत घेतले आणि सदस्य १५ चे २५ झाले, त्याला एक्स्पान्शन का म्हटले नाही? आपल्याकडे मंत्रिमंडळाचा विस्तार होतो तसाच हाही विस्तारच आहे.

निवृत्त_मास्तर :
माझे मत सांगतो. देशांच्या बाबतीत एक्स्पान्शन म्हटले की विस्तारवादाचा वास येतो, म्हणजे आपण बाहेर सरकून दुसऱ्याची जमीन व्यापली असे वाटते. एन्लार्जमेंट म्हटले की आपल्याच घरात आणखी पाहुण्यांना जागा केली असे वाटते. शब्द निवडणाऱ्यांनी तो विचार केला असो वा नसो, ऐकणाऱ्याला फरक जाणवतो. येथेही पुन्हा जागाच आली.

वकिलीबाणा :
मास्तरांच्या 'जागे'वरून राहवत नाही, म्हणून पुन्हा येतो. आमच्याकडे याचा आणखी एक प्रयोग आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पूर्वी हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत मर्यादित हक्क असे. हयातीपर्यंत तिने ती भोगायची, स्वतःच्या मर्जीने विकायची मात्र नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या १४ व्या कलमाने, तिच्या ताब्यातील मिळकतीची ती मर्यादित नव्हे तर पूर्ण मालक ठरली. हा बदल सांगताना निकालपत्रांत असे लिहितात की, तिचा मर्यादित हक्क संपूर्ण हक्कात 'एन्लार्ज' झाला. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात अपवाद आहे. मृत्युपत्राने, बक्षीसपत्राने किंवा हुकूमनाम्याने मुळातच मर्यादा घालून मिळकत दिली असेल, तर ती मर्यादा टिकते. परंतु पोटगीच्या जुन्या हक्कापोटी जमीन दिली असेल, तर कागदात मर्यादा लिहिलेली असूनही ती पूर्ण मालक होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या तुळसम्मा खटल्यात ठरवले.

जमीन एक गुंठाही वाढली नाही. तिचा आकार, चतुःसीमा, गट क्रमांक, सगळे होते तसेच राहिले. वाढला तो हक्क.

पाटपाणी :
माझ्या आजीची चोळी-बांगडीची जमीन अशीच होती. दिरांनी ती 'तुझ्या हयातीपर्यंत' म्हणून दिली होती. ती कसताना बांधावरचे आंब्याचे झाडही तिने कधी कोणाला विचारल्याशिवाय तोडले नाही. पुढे कोणा जाणत्याने तिला सांगितले की आता तू विकूही शकतेस. तिने विकली नाही. पण पहिले काम तिने केले ते तो आंबा तोडण्याचे, कारण त्याची सावली तिच्या मिरचीवर पडत असे.

उंबरठा :
मग मला मास्तरांच्या सुरुवातीच्या प्रतिसादाकडे परत जावेसे वाटते. आपल्याकडे हे काम 'मोकळे करणे' हा शब्द करतो. मोकळी जागा म्हणजे ऐसपैस जागा, मोकळा माणूस म्हणजे बंधन नसलेला, आणि मोकळ्या मनाचा म्हणजे मनात काही न ठेवणारा. आकार, सुटका आणि स्वभाव, तिन्ही एकाच शब्दात आहेत. ओवीताईंनी पहिल्याच प्रतिसादात, 'वाढवणे म्हणून मोकळे होतो' असे सहज लिहून टाकले आहे. 'अ‍ॅट लार्ज'ला तर 'मोकाट' हा तयार शब्द आहे.

वकिलीबाणा :
शब्द सुंदर आहे, परंतु ओवीताई, अनुवादात तो वापरू नका. न्यायालयीन मराठीत 'जामिनावर मुक्त करण्यात यावे' असेच लिहितात. 'मोकळे' लिहिले तर कोणीतरी त्याचा अर्थ निर्दोष सुटला असा काढील. जामीन म्हणजे खटला संपणे नव्हे, तारखांना हजर राहावेच लागते, हे घरच्यांना अवश्य समजावून सांगा.

ओवीअक्षरे :
सर्वांचे आभार. वकीलसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे टंकलिखित प्रतीत 'मुक्त' लिहिले. वडील आज संध्याकाळी येऊन गेले. मी शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी 'मुक्त म्हणजे?' असे विचारले. मी म्हटले, 'मोकळा करा, असे लिहिले आहे. पण केस चालू राहणार आहे, तारखेला जावे लागेल.' त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, त्या ओळीवर बोट ठेवून मला ती पुन्हा वाचायला लावली, आणि मग एकच प्रश्न विचारला. तो वकीलसाहेबांसाठी आहे. जामीनदार म्हणून त्यांचे मेहुणे उभे राहणार आहेत, तर सातबारा त्यांच्या एकट्याच्या नावाचा लागेल की सामाईक चालेल?

वकिलीबाणा :
सामाईक असेल तर त्यांचा हिस्सा किती हे विचारतील आणि वेळ जाईल. एकट्याच्या नावाचा असेल तर तोच न्या. ताजा उतारा, ओळखपत्र आणि छायाचित्रे सोबत ठेवा, आणि उद्या न्यायालय उघडायच्या वेळेलाच जा.

शिक्कामोर्तब :
उताऱ्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा. एन्लार्ज करू नका, आहे त्या मापातच काढा.